सातव्या थांब्याची खिडकी

२ फेब्रुवारी

बटणराव,

तुझं पत्र परवा आलं आणि तेव्हापासून तीनदा वाचून झालं. फोनवर यातलं अर्धंही मला कळलं नसतं. डावा कान कधीच गेला आणि उजवा मशीनच्या खडखडाटानं नेला, त्यामुळे तू अजून कागद-पेन घेऊन बसतोस याचं मला फार बरं वाटतं. खालचे घड्याळवाले म्हणतात, या इमारतीत आता टपाल फक्त तुमच्याकडेच येतं.

तर पंधरा तारखेला एका दिवसासाठी येताय. तू, तुझी दातांची डॉक्टर आणि तिचे आईवडील. सकाळच्या गाडीनं यायचं, दिवसभर ती उघड्या टपाची लाल बस पकडून शहर बघायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. हे छान ठरवलंत. आता नीट वाच. त्या बसचा सातवा थांबा म्हणजे आपल्या चौकातला. तू इथे राहत होतास तेव्हा ही बस नव्हती, म्हणून सांगते. एकदा तिकीट काढलं की कुठेही उतरा, फिरा, मागच्या बसमध्ये चढा. दर अर्ध्या तासानं येते. सातव्या थांब्यावर उतरायचं, माझ्याकडे यायचं आणि पुढच्या नाही तर त्याच्या पुढच्या बसनं निघायचं. सूनबाईंच्या वडिलांचं शहर बघणंही चुकायला नको.

बस थांब्याच्या आधी सिग्नलला थांबते ती बरोबर माझ्या खिडकीसमोर. आपला पहिला मजला आणि बसचा वरचा मजला एका पातळीत आहेत. हात लांबवला तर एखाद्याच्या हातात सुई-दोरा देता येईल. सगळे कानात ते यंत्र घालून बसलेले असतात. यंत्र त्यांना सांगतं की डावीकडे जुना घड्याळाचा मनोरा आहे, मग चाळीस माना एकदम डावीकडे वळतात. मनोरा आपल्या छपराच्या मागे आहे, पण पहिल्यांदा मला वाटलं होतं की सगळे माझ्याकडेच बघताहेत. आता सवय झाली. कुणी हात केला तर मीही करते. पोरं फार करतात.

केक करणार आहे. दातांची डॉक्टर येणार म्हणून साखर कमी घालते. दोन खुर्च्या घड्याळवाल्यांकडे सांगून ठेवल्यात. आणि तो कोट घालून ये. पार्सलनं पाठवला, तुला बसला असं तू लिहिलंस, पण मी काही तो तुझ्या अंगावर बघितलेला नाही. डाव्या खांद्यात आतून एक जास्तीची पट्टी भरली आहे, कारण शाळेच्या दप्तरानं तुझा तो खांदा अर्धं बोट खाली आलाय. कॉलरच्या खालच्या अंगाला नेहमीप्रमाणे मरून रंगाचं कापड लावलंय. ते कुणाला दिसत नाही, पण मी लावल्याशिवाय कोट हातावेगळा करत नाही.

पाच मेला नोंदणी कार्यालयात लग्नाच्या वेळी तुझ्या आईच्या जागी सही मी करायची, असं तू लिहिलंयस. पेन कुठलं लागतं तेवढं विचारून ठेव, माझ्याकडे खडूच आहेत.

तुझी आत्या


१७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

कोणत्या तोंडानं लिहू कळत नाही. आमची गाडीच साडेचार तास उशिरा पोचली. मध्येच कुठेतरी इंजिन बंद पडलं. शहरात पाय ठेवला तेव्हा दुपार उलटून गेली होती. लाल बसचा बेत तर राहिलाच. टॅक्सी करून संग्रहालय तेवढं कसंबसं दाखवलं आणि धावतपळत परतीची गाडी पकडली. हिच्या आईचे पाय दुखत होते, वडील चिडले होते. तुझ्याकडे यायचं म्हणून मी दोनदा घड्याळ बघितलं, पण जमेना.

ही फार हळहळली. तू वाट बघत बसली असशील या विचारानं मला नीट झोपही लागलेली नाही. कोटाचं म्हणशील तर तो घरीच राहिला. सामान जास्त झालं म्हणून शेवटच्या क्षणी काढून ठेवला. पुढच्या वेळी नक्की घालून येतो.

रागावू नकोस. लवकरच सवडीनं येतो.

तुझा बटण


२५ फेब्रुवारी

बटण,

रागवायचं काय त्यात. गाडीला उशीर होतो, इंजिन बंद पडतं. माझं मशीनही गेल्या महिन्यात दोन दिवस बंद होतं.

केक घड्याळवाल्यांनी खाल्ला. साखर कमी झाली म्हणाले. खुर्च्या परत दिल्या.

कोटाविषयी एक सांगायचं राहिलं. मला वाटतं पाठीत मी तो जरा आखूड कापला. त्यामुळे माणूस ताठ बसला तर ठीक, पण वाकला की कॉलर मागून उचलली जात असणार आणि खालचं मरून दिसत असणार. सवडीनं पाठवून दे, शिवण सोडून देते.

आणखी एक. खिडकीबाहेरची पाटी मी काढून ठेवली आहे. तूच नववीत असताना रंगवलेली ती, 'शिवणकाम. उंची कमी-जास्त करून मिळेल. चेन बदलून मिळेल.' डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत, काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही. जुनी गिऱ्हाइकं आहेत तेवढी पुरेत. नवी कशाला ओढून घ्यायची.

सहीचंही तुम्ही दुसरं कुणीतरी बघा. गुडघे दुखतात, एवढा प्रवास झेपायचा नाही. सूनबाईंच्या घरी मोठी माणसं असतीलच.

प्रकृतीला जप.

आत्या


४ मार्च

प्रिय आत्या,

गुडघ्यांचं तू याआधी कधी लिहिलं नव्हतंस. डॉक्टरांकडे गेलीस का? प्रवासाची काळजी करू नकोस, मी स्वतः न्यायला येईन. सही तुझीच हवी, दुसऱ्या कुणाची चालणार नाही.

पाटी कशाला काढलीस? चष्म्याचा नंबर बदलून घे. काळ्यावर काळा दोरा तर तू डोळे मिटून घालायचीस.

कोट आरशासमोर घालून बघितला. छान बसतो. कॉलरचं काही जाणवलं नाही. उगाच शिवण सोडू नकोस.

इकडे कामाची गडबड आहे. नव्या वस्तीचे नकाशे महिनाअखेर द्यायचेत. सविस्तर नंतर लिहितो.

तुझा बटण


२२ मार्च

आत्या,

अठरा दिवस झाले, तुझं पत्र नाही. मी शाळेत असताना खोटं बोललो की तू असंच करायचीस. ओरडायची नाहीस, मारायची नाहीस, नुसती मशीनवर बसून राहायचीस. मग रात्रीपर्यंत मीच येऊन सगळं ओकायचो. आताही तेच करतो आहे. फरक एवढाच की तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि आता एकतीस वर्षांचा आहे.

गाडी वेळेवर आली होती. सकाळी सव्वानऊला आम्ही स्टेशनबाहेर उभे होतो. लाल बसची दिवसभराची चार तिकिटं मीच काढली. कोट माझ्या अंगात होता.

मुळापासून सांगतो, नाहीतर तुला वाटेल की त्या दिवशी काहीतरी एकाएकी घडलं. हिच्या वडिलांचं दिव्यांचं मोठं दुकान आहे. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, घरी कोण? मी म्हटलं, आत्या, तिनंच मला सहाव्या वर्षापासून वाढवलं. ते म्हणाले, काय करतात? मी म्हटलं, कपड्यांचं असतं त्यांचं. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. त्यांनी विचारलं, दुकान? मी हो म्हटलं. केवढं? माझ्या तोंडून निघून गेलं, तीन मजली. आपली इमारत तीन मजली आहे म्हणून तेच तोंडात आलं असेल. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते बघून मला परत फिरणं जमलं नाही. पुढे दर भेटीत त्या दुकानात काहीतरी भर पडत गेली. नोकर आले, मोठा आरसा आला. हिलाही मी तेच सांगितलं होतं.

तुझं दोन तारखेचं पत्र आलं तेव्हा मी ठरवलं की सहाव्या थांब्यावर सगळ्यांना बागेत सोडायचं, काहीतरी सबब सांगून अर्ध्या तासात एकट्यानं तुझ्याकडे येऊन जायचं. कोट त्यासाठीच घातला होता, हे तेवढं खरं मान. पण सहाव्या थांब्यावर हिचे वडील उठेचनात. म्हणाले, आधी पूर्ण फेरी मारू, मग काय आवडलं ते बघून उतरू. वरच्या मजल्यावर आम्ही डाव्या बाजूलाच बसलो होतो. मी उठून उजवीकडे जाऊ या म्हटलं, तर तिकडे जागा नव्हती.

सिग्नलला बस थांबली. यंत्र कानात म्हणालं, डावीकडे बघा. सगळ्यांनी बघितलं. तू खिडकीत उभी होतीस, ती निळी साडी नेसून. मागे टेबलावर कपबशा मांडलेल्या दिसत होत्या. तू प्रत्येक रांगेवरून नजर फिरवत होतीस. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. माझ्या बुटांना नाडी नाही, आत्या.

हिनं तुला हात केला. तूही केलास. तिनं मला हलवून विचारलं, "त्या बाई कुणाला शोधताहेत? तू ओळखतोस?" मी वाकलेलाच होतो. मान हलवून नाही म्हटलं. ती पुन्हा हात करायला लागली तेव्हा तिचा हात धरून खाली ओढला आणि म्हणालो, "असेल कुणीतरी शिवणकाम करणारी."

तू ऐकलं नसशील, असं मी परतीच्या गाडीत स्वतःला शंभरदा सांगितलं. तुला ऐकू येत नाही याचा मला त्या दिवशी आधार वाटला. यापेक्षा लाजिरवाणं काही मी आजवर केलेलं नाही.

मग आम्ही पुढे उतरलो, जेवलो, पुन्हा बसलो. हिच्या आईला वर डुलकी लागली. वडील म्हणाले, झोपू दे, आणखी एक फेरी मारू. आणि बस पुन्हा आपल्या चौकात आली. या वेळी मी वाकलो नाही. वाकायची गरजच नव्हती, कारण खिडकीला पडदा होता. आणि पाटी नव्हती. खिळा तेवढा दिसत होता आणि भिंतीवर पाटीच्या आकाराचा पांढरा चौकोन. सकाळी पाटी होती, मी बघितली होती. तेव्हाच मला कळलं की तुला कळलं आहे. तरीही दोन दिवसांनी बसून मी तुला इंजिनाची गोष्ट लिहिली.

कॉलरचं तू लिहिलंस तेव्हा तर पाचावर धारण बसली. वाटलं, आता तरी सांगावं. त्याऐवजी मी आरशाचं लिहिलं.

परवा हिनं कोट इस्त्रीला द्यायचा म्हणून खिसे रिकामे केले. आतल्या खिशात तू शिवलेली कापडाची पट्टी असते, तुझ्या हातच्या टाक्यांनी पत्ता घातलेली. तिनं तो पत्ता वाचला. चौकाचं नाव वाचलं. मग बसचा तो घडीचा नकाशा काढला, जो तिनं आठवण म्हणून ठेवला होता, आणि सातव्या थांब्यावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं, तीन मजल्यांसकट. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मी त्यांना हात केला, आणि तू माझा हात खाली ओढलास." तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. लग्नाचं विचारलं तर म्हणते, आधी सही कोण करणार ते ठरव.

तिच्या वडिलांना मी काल सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, मी दुकानाला मुलगी देत नव्हतो. त्यानंतर मला जा म्हणाले.

माफी मागायला जीभ रेटत नाही. तू मला काहीही लिही, शिव्या दे. पण लिही.

बटण


२९ मार्च

बटण,

शिव्या मला येत नाहीत हे तुला माहीत आहे, म्हणून मागतोस.

आधी माझं ऐक. तू काय म्हणालास ते मला ऐकू आलं नाही. परवा तुझ्या पत्रात वाचलं तेव्हा कळलं. पण चाळीस माना माझ्याकडे वळल्या आणि एकच खाली गेली. मग त्या गोड पोरीनं तुला काहीतरी विचारलं आणि तू मान हलवलीस. त्याला कान कशाला लागतात.

ताठ बसून डावीकडे बघितलं असतंस तर कदाचित मी तुला ओळखलंही नसतं. दोन वर्षांत बघितलेला नाही, जाड झालायस, वर काळा चष्मा. तू वाकलास, कॉलर वर गेली आणि खालचं मरून मला दिसलं. या शहरात ते दुसरं कुणी लावत नाही. दिवसभर नकाशे काढणारा माणूस, बस फिरून परत तिथेच येते हे विसरलास, आणि शिंप्याला पाठ दाखवलीस.

आता जे कुणाला सांगितलेलं नाही ते सांगते. बस गेली. मी कपबशा आवरल्या. वाटलं, पुढच्या बसनं एकटा येईल. पुढची आली, तिच्या पुढची आली. मग मी खुर्ची खिडकीपाशी घेतली, वर चढले आणि पाटी काढली. का काढतेय ते तेव्हा नीट कळत नव्हतं. वाटलं, तू त्या लोकांसमोर पुन्हा इथून जाशील, निदान पाटी तरी नसावी. तुला सोपं जावं. पडदाही त्यासाठीच ओढला. एकतीस वर्षं मी त्या खिडकीत बसून लोकांच्या विजारी आखूड केल्या, चेनी बदलल्या, त्यावर तुझं शिक्षण झालं, आणि मला त्याची एक दिवसही लाज वाटली नव्हती. त्या दुपारी वाटली. पाटी काखेत धरून मी खुर्चीवर उभी होते आणि मलाच माझं तोंड लपवावंसं वाटत होतं. पाटी कॉटखाली सारली, पालथी करून.

तुझ्या खोट्यापेक्षा मला याचा राग जास्त आला. तुझ्यावरही आणि माझ्यावरही. म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. तू समजलास तसं तुला शिकवायला नाही. मला लिहायला काही सुचतच नव्हतं.

डोळे चांगले आहेत. गुडघेही. पाटी नाही म्हणून नवं गिऱ्हाईक येत नाही, एवढाच काय तो फरक. काल एक बाई खाली घड्याळवाल्यांना विचारत होत्या की वर शिवणारी होती ती गेली का. घड्याळवाले म्हणाले, आहे, पण पाटी काढलीय. मी जिन्यात उभी होते, त्या बाईंचं वर दाखवलेलं बोट मला दिसलं; शब्द घड्याळवाल्यांनी नंतर कानाशी ओरडून सांगितले. मला पुढे जाऊन सांगवलं नाही.

सूनबाईंचं पत्र आलंय, तुला सांगितलं की नाही माहीत नाही. चार ओळींचं आहे. हात केल्याबद्दल आभार मानलेत आणि विचारलंय की एक घेरदार झगा जरा आखूड करून मिळेल का. मिळेल म्हणून कळवलं. माप घ्यायला स्वतः यावं लागेल असंही कळवलं. तिचे वडील सोबत येणार असं ती लिहिते. तीन मजली दुकान बघायचंय म्हणाले म्हणे. त्यांना एक खोली दाखवू.

तर सहीचं. मी येईन की नाही ते आज सांगत नाही. आधी तू ये. बारा तारखेला रविवार आहे. पहाटे नको आणि संध्याकाळी दिवे लागल्यावरही नको. दुपारी बाराला ये, तेव्हा बसचा वरचा मजला भरलेला असतो. लाल बसनंच ये, डाव्या बाजूला बस आणि सातव्या थांब्यावर उतर.

पाटी कॉटखाली आहे, मी तिला हात लावणार नाही. खिळा जागेवर आहे. खुर्ची मी मांडून ठेवते, घड्याळवाल्यांची नाही, माझीच. मागची बस सिग्नलला थांबली की तू खुर्चीवर चढायचं, खिडकीतून बाहेर वाकायचं आणि पाटी लावायची. घाई करायची नाही. चाळीस लोक बघत असतील, बघू देत. कुणी हात केला तर तूही कर.

कोट घालून ये. तुझं तोंड बसकडे असेल आणि पाठ माझ्याकडे. तो कुठे आखूड झालाय ते मी तेव्हा नीट बघून घेईन.

तुझी आत्या